हाताची तासीर

गिटार वाजवणाऱ्याबद्दल बोलताना आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती फास्ट वाजवतो?" कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओत, सगळीकडे हाच हिशेब. बोटं दिसेनाशी झाली की टाळ्या पडतात. पण घरी येऊन दिवा मालवल्यावर त्यातलं काय आठवतं? बहुतेक वेळा काहीच नाही. आठवतो तो एखादाच सूर, कुणीतरी जरा ओढून, जरा थांबून वाजवलेला.

आमच्या घरात याला एक शब्द होता, तासीर. औषधाला तासीर असते, जिभेला असते, तशी हातालाही असते. दोघी बहिणी एकाच मसाल्यात सालन करतात आणि एकीच्याच हाताला चव येते, तेव्हा घरातली मोठी माणसं म्हणायची, "तिच्या हाताला तासीर आहे." मिरजेत वाढलेल्या माणसाला हा शब्द वाद्यांच्या बाबतीतही ऐकायला मिळतो. इथले सतारमेकर पिढ्यान् पिढ्या सतारी आणि तंबोरे बनवतात. तंबोऱ्याच्या घोडीला जवारी काढताना कारागीर कानस जरा फिरवतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा जरा फिरवतो. घोडी तीच, तार तीच, पण एकाने जवारी काढली की तंबोरा भरून बोलतो आणि दुसऱ्याने काढली की नुसता वाजतो. बोलणं आणि वाजणं यातला हा फरक मला गिटार ऐकताना सतत आठवतो. गिटारमधली तासीर नेमकी कुठे असते?

आधी या वाद्याची अडचण समजून घेऊ. सनईवाल्याचा दम असेल तोवर सूर टिकतो. सारंगीचा गज फिरत राहिला की सूर वाढतो, कमी होतो, पुन्हा भरतो. पेटीचा भाता हलवत राहा, सूर उभा राहतो. गिटारचं तसं नाही. तार छेडली की आवाज एकदम उमटतो आणि लगेच विरायला लागतो. वाजवणाऱ्याने काही केलं नाही तरी तो जाणारच. म्हणजे गिटारवाला एक सूर जन्माला घालतो आणि त्याच क्षणापासून त्याला निरोप द्यायच्या कामाला लागतो. माझ्या मते त्याची सगळी करामत या निरोपात आहे. तार छेडायला कुणीही शिकतो. छेडलेला सूर विरत असताना त्याचं काय करायचं हे ज्याला कळलं, त्याची गिटार बोलते.

दुसरी अडचण पडद्यांची. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, ठोकून बसवलेल्या असतात. एका सप्तकाची बारा समान घरं, त्यात फेरफार नाही. माणसाचा आवाज मात्र अशा घरांत बसून राहत नाही. आई गल्लीच्या टोकाला खेळणाऱ्या मुलाला हाक मारते तेव्हा ती एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही, घसरत जाते. रडणारा माणूस तर कुठल्याच घरात सापडत नाही. गिटारला बोलकं करायचं असेल तर या घरांच्या मधल्या जागेत शिरावं लागतं.

सतारिया ते मींडेने करतो. पडद्यावर तार दाबून ती आडवी ओढतो. गिटारवालाही तेच करतो, त्याच्या भाषेत त्याला बेंड म्हणतात. ताण वाढला की सूर चढतो, पण सूर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो. त्यामुळे सा पासून शुद्ध रे पर्यंत जायचं तर तारेचा ताण साधारण सव्वापट करावा लागतो. हे काम बोटाच्या पेराने करायचं, आणि कुठे थांबायचं याची खूण डोळ्यांना कुठेच दिसत नाही. ते फक्त कान सांगतो. सतारीवर एका पडद्यावरून चार-पाच स्वरांची मींड निघते. गिटारची तार तेवढी ओढली जात नाही. पण जेवढी जाते तेवढ्यातही पुष्कळ काही सांगून होतं.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लूज संगीतात एक गंधार आहे. तो कोमल गंधारापेक्षा जरा चढा आणि शुद्ध गंधारापेक्षा जरा उतरलेला असतो. पियानोवर तो मिळत नाही, कारण त्या जागेवर पट्टीच नाही. गिटारवर कोमल गंधाराची तार किंचित ओढली की मिळतो. गुलामीतून आणि कापसाच्या शेतांतून आलेल्या माणसांच्या गळ्यात तो सूर होता, गिटारने तो गळ्यातून उचलला. ज्यांनी दरबारीचा आंदोलित गंधार ऐकला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. स्वराची जागा केसभर हलली की सगळा चेहरा बदलतो.

या जागेचा बादशहा म्हणजे बी. बी. किंग. १९२५ साली मिसिसिपीत जन्मलेला, कापसाच्या शेतात राबलेला माणूस. त्याचा नात्यातला भाऊ बुका व्हाइट तारेवर पोलादी नळी फिरवून गिटार वाजवायचा, त्यामुळे सूर पाण्यासारखे वाहायचे. बी. बी. ला ते तंत्र काही जमलं नाही. तो आवाज मात्र कानातून जाईना. मग त्याने नळीशिवाय, नुसत्या बोटाने सूर थरथरवायला सुरुवात केली. तारेवर बोट टेकवून अख्खा पंजा फुलपाखरासारखा हलवायचा. विरत चाललेला सूर या थरथरीने जिवंत राहिल्यासारखा वाटतो. पुढे हीच त्याची सही झाली. रेडिओवर एक सूर लागला तरी लोक ओळखायचे की हा बी. बी.

त्याची आणखी एक सवय होती. गाताना तो गिटार वाजवत नसे आणि गिटार वाजवताना गात नसे. एक ओळ गळ्याने म्हणायची, मग थांबायचं, मग गिटारने तिला उत्तर द्यायचं. कव्वालीत मुख्य गायकाची ओळ साथीदार उचलतात ते आठवा. इथे साथीदार म्हणजे त्याची गिटार, आणि तिचं नावही त्याने ठेवलं होतं, ल्युसिल. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सामधल्या एका गावात तो वाजवत असताना दोन माणसांच्या मारामारीत रॉकेलचं पिंप लवंडलं आणि इमारत पेटली. बाहेर पडलेला बी. बी. गिटार आणायला पुन्हा आत शिरला आणि मरता मरता वाचला. मारामारी ज्या बाईवरून झाली तिचं नाव ल्युसिल होतं. असा वेडेपणा पुन्हा करायचा नाही याची आठवण राहावी म्हणून ते नाव त्याने गिटारला दिलं.

हे सगळं आत्ता लिहायला एक कारण आहे. माझा भाचा दिवसा एका कारखान्यात प्रेसवर काम करायचा आणि रात्री ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. हळदी, लग्न, गणपती, उरूस, जिथून बोलावणं येईल तिथे जायचा. वेग हीच त्याची ओळख होती. मागच्या वर्षी प्रेसमध्ये त्याच्या डाव्या हाताच्या अनामिकेचं टोक गेलं. गिटारवाल्याचा डावा हात म्हणजे सूर शोधणारा हात. जखम भरली, पण तारेवर बोट दाबलं की कळ मस्तकात जायची. ऑर्केस्ट्रात त्याच्या जागी दुसरा मुलगा आला. आपाने, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीने, गिटार कव्हरमध्ये घालून कपाटावर ठेवून दिली. तिचं म्हणणं सरळ होतं. हात वाचला हेच अल्लाहचे उपकार, आता तो नाद पुरे.

भाचा घरात काही बोलला नाही. एका संध्याकाळी मात्र मला म्हणाला, "मामू, सगळे म्हणतात थोडक्यात निभावलं. मलाही कळतंय ते. पण मला जे बोलायचं असायचं ते मी गिटारवर बोलायचो. आता कुठे बोलू?"

त्याची समजूत घालावी असं वाक्य मला सुचलं नाही. दोन नावं ठाऊक होती, ती सांगितली.

पहिलं जँगो राइनहार्टचं. १९१० साली बेल्जियममध्ये जन्मलेला, रोमा भटक्यांच्या जमातीतला मुलगा. घर म्हणजे चाकांवरचा गाडा. १९२८ मध्ये गाड्यात ठेवलेल्या सेल्युलॉइडच्या फुलांनी पेट घेतला आणि तो गंभीर भाजला. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी आखडून गेली, ती कायमची. बरं व्हायला दीडेक वर्ष गेलं. त्या काळात त्याने गिटार नव्याने शिकून घेतली. जे चार बोटांनी वाजतं ते तर्जनी आणि मधल्या बोटाने कसं वाजेल, याचा त्याने स्वतःपुरता शोध लावला. १९३४ मध्ये पॅरिसमध्ये स्टेफान ग्रापेली या व्हायोलिनवादकाबरोबर त्याने जो वाद्यवृंद उभा केला, त्याचे रेकॉर्ड आज नव्वद वर्षांनंतरही गिटार शिकणारे मान खाली घालून ऐकतात. त्यातली बहुतेक सगळी नक्षी दोन बोटांची आहे.

दुसरं नाव टोनी आयोमी. बर्मिंगहॅमचा कामगार वस्तीतला मुलगा, भाच्यासारखाच पत्र्याच्या कारखान्यात कामाला. सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मशीनमध्ये त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, त्यामुळे गेली ती नेमकी तारा दाबणाऱ्या उजव्या हाताची. निराश झालेल्या त्या पोराला त्याच्या कारखान्यातल्या मॅनेजरने जँगोचा रेकॉर्ड आणून ऐकवला आणि मग सांगितलं की हा माणूस दोन बोटांनी वाजवतोय. टोनीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं चढवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून हलक्या तारा लावल्या, पुढे त्या उतरवून ढिल्या केल्या. उतरलेल्या तारांचा तो जड, काळोखा आवाज त्याच्या ब्लॅक सबाथ या बँडची ओळख झाला, आणि १९७० नंतर हेवी मेटल नावाचा एक अख्खा प्रवाह त्यातून पुढे गेला.

दुःखातून कला येते, असं यावरून कुणी म्हणू नये. बोट गेल्याने कुणी कलावंत होत नाही. बोट गेलं की बोट जातं, महिन्याची मिळकत जाते, झोप जाते. या दोघांच्या गोष्टीतून मला वेगळंच दिसतं. हाताची सवय मोडल्यावर त्यांना प्रत्येक सुराकडे नव्याने जावं लागलं. हा सूर मला खरंच हवा आहे का, की बोटं आपोआप तिकडे जातात म्हणून वाजतोय? दहाही बोटं शाबूत असलेल्या वादकाने हा प्रश्न स्वतःला विचारला तर त्याच्याही वाजवण्यात फरक पडेल. तो विचारायची वेळ बहुतेकांवर येत नाही, एवढंच.

आपण डाव्या हाताचं बोललो, पण उजव्या हाताकडे ऐकणाऱ्याचं लक्ष फारसं जात नाही. तार कुठे छेडली यावर आवाजाचा रंग ठरतो. घोडीजवळ छेडली तर आवाज टणक आणि धारदार, मानेकडे सरकून छेडली तर गोल आणि मऊ. स्पेनचा आंद्रेस सेगोव्हिया एकाच धुनेत हात या टोकापासून त्या टोकापर्यंत नेत असे. एकच ओळ दोनदा आली तर दुसऱ्यांदा ती दुसऱ्याच कुणीतरी म्हटल्यासारखी वाटायची. नखाने छेडलेली तार आणि बोटाच्या मांसाने छेडलेली तार यांचा स्वभाव वेगळा. सेगोव्हियाच्या आधीचा थोर वादक फ्रान्सिस्को तारेगा आयुष्याच्या उत्तरार्धात नखं कापून, नुसत्या बोटांनी वाजवू लागला.

इलेक्ट्रिक गिटारवर इंग्लंडच्या जेफ बेकने ऐंशीच्या दशकात पिक सोडून अंगठा आणि बोटांनी वाजवायला सुरुवात केली. करंगळी आवाजाच्या बटणावर ठेवायची. तार छेडताना आवाज बंद, छेडून झाल्यावर हळूहळू उघडायचा. त्यामुळे छेडण्याचा टणका ऐकूच येत नाही, सूर गळ्यातून निघाल्यासारखा उगवतो. जे वाद्य जन्मताच विरायला लागतं, त्याला त्याने उलट्या दिशेने वाढायला लावलं. १९८९ ची त्याची 'व्हेअर वेअर यू' ही धुन बल्गेरियाच्या बायकांचं समूहगान ऐकून सुचलेली. गिटार ऐकून कमी आणि माणसं ऐकून जास्त शिकलेला तो वादक होता.

आपल्याकडेही हे झालं. जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा उस्ताद अली अकबर खाँसाहेबांकडे शिकले. त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तारा फ्रेटवर दाबायच्याऐवजी त्यांवरून पोलादी दांडी फिरवली. बारा घरांची भिंतच गेली आणि मींड हवी तेवढी लांब झाली. १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' हा रेकॉर्ड ज्यांच्या घरात वाजला असेल त्यांनी शिवकुमार शर्मांच्या संतूरबरोबर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीबरोबर काब्रांची गिटार ऐकली आहे, कदाचित ती गिटार आहे हे लक्षात न येताच.

आणखी एक धागा मला वारंवार दिसतो. ज्यांची गिटार बोलते ते बहुतेक गाणाऱ्यांच्या संगतीत वाढलेले असतात. 'दम मारो दम' च्या सुरुवातीची गिटार १९७१ साली भूपिंदर सिंग यांनी वाजवली. तेच भूपिंदर पुढे गझल गायक म्हणून आपल्या घराघरांत पोचले. गायकाला श्वास घ्यावा लागतो, म्हणून तो ओळीनंतर थांबतो. गिटारवाल्याच्या बोटांना श्वासाची गरज नसते, ती तासभर न थांबता चालू शकतात, आणि तिथेच घोळ होतो. मनातल्या मनात गाणारा वादक आपोआप थांबतो. त्या थांबण्याच्या जागी ऐकणाऱ्याला आत यायला वाट मिळते.

आता कुणी विचारेल, मग वेग वाईट का? पाको दे लुसियाचं काय? प्रश्न रास्त आहे. अंदालुसियाचा हा फ्लामेन्को वादक जगातल्या सर्वांत वेगवान हातांपैकी एक होता. पण त्याची तालीम साथीची. पोरवयापासून गायकांच्या आणि नर्तकांच्या मागे बसून वाजवलेलं, पुढे कामारोन दे ला इस्ला या गायकाबरोबर वर्षानुवर्षं. गायक कुठे दम घेईल, कुठे शब्द ओढेल, कुठे फुटेल, हे ओळखून वाजवायचं. त्यामुळे त्याचा वेगसुद्धा बोलण्यातला वेग आहे. माणूस रागावला, आनंदला की भराभर बोलतो, तसा. १९९० च्या एका अल्बमला त्याने 'झिर्याब' नाव दिलं. नवव्या शतकात बगदादहून कुर्तुब्याला, म्हणजे कोर्दोबाला, गेलेल्या ऊदवादक गवयाचं ते नाव. हजार वर्षांपूर्वीच्या त्या उस्तादाची आठवण स्पेनच्या गिटारवाल्याने ठेवली. हातांना पूर्वजांची ओळख असते, ती अशी.

सांगायचं ते इतकंच की वेग हा शब्दसंग्रहासारखा आहे. पुष्कळ शब्द येत असले तर चांगलंच. पण मयतीच्या घरात जाऊन कुणी शब्दसंग्रह दाखवत नाही. तिथे खांद्यावर ठेवलेला हात आणि एखादं वाक्य पुरतं.

भाच्याचं पुढे काय झालं हे विचाराल, म्हणून सांगतो. गोष्टीतल्यासारखं काही झालं नाही. ऑर्केस्ट्रात त्याला परत घेतलेलं नाही. पूर्वी वाजवायचा त्यातलं निम्मं आता वाजत नाही. सायकलच्या ट्यूबचा तुकडा, चामडं, प्लास्टिक असं बरंच काही बोटाला बांधून पाहिलं, शेवटी तीन बोटांवर आला. वाजवायची ओळ आधी गुणगुणतो, मग तारेवर शोधतो. ओळी कमी झाल्यात, थांबणं वाढलंय. मधे ईदच्या दुसऱ्या दिवशी घरात सगळे जमले असताना तो आतल्या खोलीत एक जुनी चाल वाजवत बसला होता. अगदी सावकाश. आपा शीरखुर्म्याच्या वाट्या भरत होती. भरता भरता तिचा हात थांबला. काही बोलली नाही. थोड्या वेळाने एक वाटी घेऊन आत गेली आणि तिथेच बसून राहिली.

पुढच्या वेळी कुणी गिटार वाजवताना ऐकाल तेव्हा एक करून पाहा. बोटं किती पळतात ते बघू नका, डोळे मिटून घ्या. एक सूर निवडा आणि तो छेडला गेल्यापासून पूर्ण विरेपर्यंत त्याच्या मागे जा. तो नुसताच विझतो, की कुणीतरी त्याला शेवटपर्यंत सोबत करतंय, हे दोन-तीन सुरांतच कळेल. त्यासाठी संगीत शिकलेलं असावं लागत नाही. दारावरची थाप ऐकून कोण आलंय हे आपण ओळखतोच की.